अर्ध्या डाळिंबापासून रबरी कडीपर्यंत

मागच्या पावसाळ्यात एक आजी सुनेबरोबर माझ्या दवाखान्यात आल्या. वय सत्तरीच्या पुढचे. सून म्हणाली, "बाई, आत्याबाईंची कंबर लई दुखती, काहीतरी गोळ्या द्या." सुनेला बाहेर बसवून मी आजींना आत घेतले. दार लागल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "कंबरेचं काय न्हाई बाई. आंग भाईर येतंय. धाकल्याच्या बाळंतपणापासनं."

हा धाकटा मुलगा आता चाळिशीत आहे. म्हणजे चाळीस वर्षे त्यांनी हे दुखणे अंगावर काढले होते. गेली काही वर्षे तर गर्भपिशवी पूर्ण बाहेर येत होती. लघवीला बसताना ती हाताने आत ढकलावी लागे आणि कामाला जाताना जुन्या लुगड्याचा बोळा करून आत ठेवावा लागे. थोरल्या मुलाने एकदा मोठ्या दवाखान्यात नेले होते. तिथे तपासून सांगितले, "हृदय कमजोर आहे, भूल देता येणार नाही, ऑपरेशन जमणार नाही." दुसरा काही उपाय असतो हे कोणी सांगितले नाही. आजी घरी आल्या आणि पुन्हा बोळा सुरू झाला.

मी तपासणी केली, जखमेवर औषध लावून ती बरी होऊ दिली आणि दोन आठवड्यांनी एक मऊ रिंग बसवली. तिला पेसरी म्हणतात. आजींना खोकायला लावले, उकिडवे बसवले, दवाखान्याच्या ओसरीत दहा फेऱ्या मारायला लावल्या. रिंग जागेवर राहिली. आजी म्हणाल्या, "ही नवी निघाली म्हणायची. आमच्या येळेला असती तर!"

त्यांना काय सांगावे, मला कळेना. कारण ही गोष्ट नवी नाही. ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. आजींच्या वेळेलाही होती. फक्त आजींपर्यंत ती आली नव्हती. आज त्याविषयीच लिहायचे आहे.

आधी दुखणे समजून घेऊ. गर्भपिशवी ओटीपोटात दोऱ्यांसारख्या बंधांनी धरलेली असते आणि खालून स्नायूंची एक झोळी तिला पेलून धरते. बाळंतपण लांबले, एकापाठोपाठ एक बाळंतपणे झाली, पिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधीच बाईला जोर करायला लावला, ओली बाळंतीण पंधरा दिवसांत शेतात किंवा डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवर गेली, की ही झोळी सैल पडते. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांनी त्यात भर पडते. पाळी गेल्यावर शरीरातील स्त्रीरस कमी होतो आणि राहिलेला आधारही विरळ होतो. मग पिशवी खाली सरकते. तिच्याबरोबर पुढून मूत्राशय आणि मागून गुदाशय यांच्या भिंतीही ओढल्या जातात. जीव लगेच जात नाही, पण सुखाने बसणे, उठणे, झोपणे, लघवी करणे यांपैकी काही उरत नाही.

हे दुखणे माणसाइतकेच जुने असावे. इजिप्तमधील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्ये त्यावरील उपाय आहेत. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या परंपरेतील ग्रंथांत दोन उपाय सापडतात. एक भयंकर आहे. बाईला शिडीला उलटी बांधायची, पाय वर, डोके खाली, आणि शिडी हलवायची, म्हणजे पिशवी आपोआप आत जाईल! दुसरा मात्र शहाणपणाचा आहे. पिशवी आत सारून अर्धे डाळिंब तिच्याखाली बसवायचे. डाळिंब कठीण सालीचे, गोलसर, तुरट आणि सगळीकडे मिळणारे. माझ्या माहितीत आधाराच्या साधनाची याहून जुनी ठळक नोंद नाही. पेसरी हा शब्दही ग्रीकांचाच. पटावर खेळायच्या लंबगोल सोंगटीला ते 'पेसॉस' म्हणत.

पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये सोरेनस नावाचा वैद्य होऊन गेला. त्या काळी अशी समजूत होती की, गर्भाशय हे जनावरासारखे शरीरात भटकते आणि त्याला चांगला वास देऊन बोलावता येते, घाण वास देऊन हाकलता येते. सोरेनसने ती खोडून काढली. शिडीचा प्रकारही त्याने नाकारला. त्याऐवजी लोकरीचा बोळा भिजवून आत ठेवावा आणि बाईला स्वस्थ पडून राहू द्यावे, असे त्याने सांगितले. आपल्याकडे चरक-सुश्रुतांनी स्त्रियांच्या वीस योनिव्यापदांचे वर्णन केले आहे. त्यांपैकी प्रस्रंसिनी या प्रकारात सुश्रुताने तूप लावून, दुधाचा शेक देऊन, बाहेर आलेला भाग आत बसवून वरून बंध बांधायला सांगितला आहे. तेलात भिजवलेला कापसाचा पिचू तर आयुर्वेदात आजही वापरतात. म्हणजे आमच्या आजींचा लुगड्याचा बोळा हा अडाणीपणा नव्हता. तो वैद्यकाचाच एक जुना धागा होता. फक्त तो स्वच्छ नव्हता आणि त्यामागे वैद्य नव्हता.

सोळाव्या शतकात फ्रान्सचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य आंब्रोज पारे याने ठोकलेल्या पितळेच्या आणि मेण लावलेल्या बुचाच्या लंबगोल पेसऱ्या केल्या. लाकूड, हस्तिदंत, चांदी असे जे मिळेल ते वैद्यांनी वापरून पाहिले. अडचण एकच होती. कठीण वस्तू टोचते आणि मऊ वस्तू कुजते. हा पेच १८३९ मध्ये सुटला. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. ज्या रबराने पुढे गाड्यांची चाके केली, त्याच रबराने बायकांना आधाराची कडी दिली.

त्या रबराचा सर्वांत चांगला उपयोग केला तो फिलाडेल्फियाच्या डॉ. ह्यू लेनॉक्स हॉज यांनी. पिशवीला नुसता टेकू न देता तरफेसारखा आधार द्यायला हवा, हे त्यांच्या मनात घोळत होते. असे सांगतात की, एका रात्री शेकोटीजवळ बसले असताना फावडे आणि चिमटा अडकवायच्या वाकड्या आकड्याकडे त्यांचे लक्ष गेले आणि हवा तो आकार सापडला. १८६० मध्ये त्यांचा स्त्रीरोगांवरील मोठा ग्रंथ निघाला. हॉज पेसरीचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ करावे लागते. हॉज १८७३ मध्ये वारले. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८८३ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी त्याच फिलाडेल्फियात स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. त्या गेल्या त्या याच कारणासाठी, की आपल्या बायका पुरुष डॉक्टरांपुढे हे दुखणे उघड करीत नाहीत. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. त्यांना आपल्या बायकांसाठी काय काय करता आले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

इथपर्यंतची कथा चांगली आहे. पुढची वाचताना मात्र सावध राहावे.

साधन हाती आले की त्याला दुखणे शोधण्याचा मोह होतो. पिशवी थोडी मागे झुकलेली असणे हे साधारण पाच बायकांमागे एकीला असते आणि बहुतेकींना त्याचा काही त्रास नसतो. आज आम्हाला हे माहीत आहे. पण एकोणिसाव्या शतकात कंबरदुखी, डोकेदुखी, चिडचिड, थकवा, वांझपण या सर्वांचे खापर त्या झुकलेल्या पिशवीवर फोडले गेले आणि धडधाकट बायकांनाही पेसऱ्या बसवल्या गेल्या. काहींना तर पिशवीच्या तोंडातून आत जाणारी दांडी असे. क्लोरोफॉर्मने प्रसूतीच्या वेदना कमी करणारे एडिनबरोचे थोर डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन, यांनीही तांबे आणि जस्त जोडून वीज निर्माण करणारी दांडी केली होती. पाळी येत नसेल तर ती यावी म्हणून. अशा दांड्यांनी आत जंतू शिरत, ओटीपोटात पू होई आणि काही बायका त्यात दगावल्या.

१८६७ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या डॉ. विल्यम बक यांनी आपल्याच व्यवसायबंधूंपुढे याची भर सभेत खरपूस हजेरी घेतली. आजवर १२३ प्रकारच्या पेसऱ्या निघाल्या आहेत, असे त्यांनी मोजून सांगितले आणि बाईच्या शरीराचे खेळण्यांचे दुकान करून टाकले आहे, अशा अर्थाची टीका केली. पण त्यांचे ऐकले किती जणांनी? १८७२ मध्ये जॉर्जिया प्रांतातील रॉबर्ट बॅटी यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. बायकांच्या त्रासावर उपाय म्हणून त्यांनी रोग नसलेली बीजांडेच काढायला सुरुवात केली. नंतर त्या शस्त्रक्रियेची लाट आली.

साधने कोणाच्या अंगावर तयार झाली, हेही विसरू नये. आम्ही रोज वापरतो तो सिम्स स्पेक्युलम डॉ. मॅरियन सिम्स यांनी १८४५ च्या सुमारास अमेरिकेतील अलाबामात चमच्याचे टोक वाकवून केला. बाळंतपणात मूत्राशयाला पडलेले भोक शिवण्याची पद्धत त्यांनी शोधली, ती गुलाम स्त्रियांवर, आणि भूल न देता. त्यांतल्या तिघींची नावे इतिहासात उरली आहेत : अनार्का, बेट्सी आणि लूसी. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. सिम्स यांचा न्यूयॉर्कमधील पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला. त्यांचे साधन मी फेकून देणार नाही, त्याने हजारो बायकांचे भले झाले आहे. पण ते हातात घेताना त्या तिघींची आठवण ठेवणे एवढे तरी आम्हा डॉक्टरांचे देणे लागते.

विसाव्या शतकात शस्त्रक्रिया सुधारल्या. भूल सुरक्षित झाली, रक्तपेढ्या आल्या, प्रतिजैविके आली. मँचेस्टर शहराच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया, खालच्या मार्गाने पिशवी काढणे, हे सर्वत्र सुरू झाले. यात आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे. तरुण बाईचे अंग बाहेर येत असेल, तिला पुढे मूल हवे असेल, तर पिशवी काढून कसे चालेल? मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी अशा बायकांसाठी पिशवी राखून ती वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या. गोव्याच्या मातीतले हे शिरोडकर गर्भपात टाळण्यासाठी पिशवीच्या तोंडाला घालायच्या टाक्यामुळे जगभर ओळखले जातात. या प्रगतीचा परिणाम असा झाला की, पेसरी कपाटात गेली. ती 'म्हाताऱ्यांची' किंवा 'ऑपरेशन न झेपणाऱ्यांची' वस्तू ठरली आणि पुढे तर त्यांनाही ती मिळेनाशी झाली.

पण नव्या साधनाची हाव तिथेही सुटली नाही. सैल पडलेला आधार पक्का करण्यासाठी योनिमार्गातून बसवायची प्लॅस्टिकची जाळी निघाली. पुरेसे पारखून न पाहता ती परदेशांत लाखो बायकांना बसवली गेली. पुष्कळांना जाळी आत टोचणे, बाहेर येणे, कायमच्या वेदना असे त्रास झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ आणि २०११ मध्ये इशारे दिले आणि अखेर २०१९ मध्ये या कामासाठी अशी जाळी विकायला तेथील कंपन्यांना मनाई केली. बक यांच्या भाषणानंतर दीडशे वर्षांनी तोच धडा पुन्हा गिरवावा लागला.

आता माझे मत सांगते. काही व्यवसायबंधूंना ते रुचणार नाही.

आपल्याकडे आज दुखणे एक आणि टोके दोन आहेत. एकीकडे आमच्या आजींसारख्या बायका, ज्यांना काहीच मिळत नाही. दुसरीकडे पस्तिशीच्या आतल्या बायका, ज्यांची पिशवी अंगावरून पांढरे जाते किंवा पोट दुखते एवढ्यावर काढली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. तरुणपणी पिशवी काढली आणि बरोबर बीजांडेही गेली, तर हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. शिवाय पिशवी काढली म्हणजे अंग बाहेर येण्याची कटकट मिटली, असेही नाही. आधार सैलच राहिला तर योनीचा वरचा भाग पुढे खाली येतो, आणि तो दुरुस्त करणे अधिक अवघड असते.

या दोन टोकांच्या मध्ये बसणारी वस्तू म्हणजे ही साधी रिंग. ती अंग बाहेर येणाऱ्या बाईसाठी आहे, पांढरे जाणे किंवा पोटदुखी यांवर ती उपाय नाही. पण जिथे ती लागू आहे तिथे ऑपरेशनच्या आधी तिचे नाव निघाले पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१९ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम, पेसरी आणि शस्त्रक्रिया हे सर्व पर्याय बाईसमोर ठेवा, असेच सांगितले आहे. मग आपल्या ग्रामीण रुग्णालयांत चार-पाच मापांच्या रिंगा का नसाव्यात? त्यांना ना थिएटर लागते, ना भूलतज्ज्ञ. मला वाटते, खरे कारण वेगळे आहे. ऑपरेशन एकदा झाले की संपते आणि त्याचे पैसेही मिळतात. रिंग बसवायला अर्धा तास लागतो, बाईशी बोलावे लागते, माप चुकले तर पुन्हा बसवावी लागते, आणि त्याचे कोणी फारसे देत नाही.

माझे एक स्नेही म्हणतात, "खेड्यातल्या बायका पुन्हा येत नाहीत. रिंग विसरतात आणि मग आत जखमा होतात." हा आक्षेप खोटा नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मावशी दुर्गंधी आणि रक्त जाते म्हणून आल्या. तपासले तर आत सहा वर्षांपूर्वी बसवलेली रिंग, आणि तिच्या कडेवर मांस चढलेले. ती काढायला मला एक तास लागला आणि मावशींना फार सोसावे लागले. अशी विसरलेली रिंग मूत्राशयाला किंवा गुदाशयाला भोकही पाडू शकते. पण मी मावशींना विचारले, "परत या असे कोणी सांगितले होते का?" त्या म्हणाल्या, "न्हाई बाई. बसवली, आता बरं वाटंल, एवढंच म्हनले." मग विसरले कोण? मावशी की बसवणारा?

मी त्या दिवसापासून रिंग बसवलेल्या प्रत्येक बाईचे नाव वेगळ्या वहीत लिहिते आणि तिला तारीख घातलेले कार्ड देते. जिला जमते तिला रिंग स्वतः काढून धुवायला शिकवते, आणि बहुतेकींना ते जमते. जिला जमत नाही तिच्या गावच्या आशाताईंना निरोप देते. हे काम कठीण नाही. लसीकरणाच्या तारखा गावोगाव पाळल्या जातात, तर आजीबाईची तारीख का पाळता येऊ नये?

दुसरा आक्षेप असा की, रिंगने रोग बरा होत नाही, नुसता टेकू मिळतो. खरे आहे. पण चष्म्याने तरी डोळा कुठे बरा होतो? पूर्ण बाहेर आलेली पिशवी, न टिकणारी रिंग, तिचा कंटाळा आलेली बाई, यांना ऑपरेशनच योग्य, आणि चांगल्या हातांनी केलेले ऑपरेशन हे वरदान आहे. मी स्वतः ती करते. माझे म्हणणे इतकेच की, निवड बाईची असावी, आणि निवड करायला तिला एकापेक्षा जास्त गोष्टी माहीत असाव्यात.

तेव्हा वाचक भगिनींनो, काही गोष्टी लक्षात ठेवा. अंग जड वाटणे, खाली काही उतरल्यासारखे होणे, हसता-खोकताना लघवी होणे, हे वयाचे भोग म्हणून सोसू नका. सुरुवातीलाच दाखवलेत तर ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामानेही बराच फरक पडतो. अमेरिकेतील डॉ. केगल यांनी हे व्यायाम १९४८ मध्ये मांडले. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, मनात पाचपर्यंत मोजायचे, सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिकताना स्नायू ओळखता आले की पुरे, रोज लघवी अडवून ते करू नयेत. खोकला आणि बद्धकोष्ठ यांवर वेळीच इलाज करा. बाळंतिणीला सव्वा महिना जड उचलू देऊ नका, आपल्या जुन्या बायकांचा तो नियम शास्त्राला धरून आहे. रिंग बसवली असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तीन ते सहा महिन्यांनी दाखवा. वास, रक्त, दुखणे किंवा लघवी अडणे यांपैकी काही झाले तर तारखेची वाट पाहू नका. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसले, तरी तपासणी टाळू नका. आणि कोणी पिशवी काढायला सांगितले, तर एकच प्रश्न विचारा : "यावर दुसरा कोणता उपाय आहे?" उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

घरातल्या पुरुषांनाही एक सांगणे. आई कंबर दुखते म्हणाली की गोळी आणून देता. एकदा तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या आणि तुम्ही बाहेर थांबा.

आमच्या आजी परवा चौथ्या तपासणीला आल्या होत्या. बोळे बंद झाले आहेत, रात्री झोप लागते. सून बाहेर बसली होती. निघताना आजी म्हणाल्या, "बाई, आमच्या आळीत आणखी तिघी हायेत. सांगू का त्यांना?"

मी म्हटले, "सांगा आजी. आणि तुम्हीच त्यांना घेऊन या."